कायदा मोडायचा तर कोणता, हे आधी ठरवा

संपादक महोदय,

गोवा क्रांतिदिनी, म्हणजे 18 जूनला, मडगावच्या लोहिया मैदानावर आणि पणजीच्या आझाद मैदानावर पुष्पचक्रे वाहिली जातात, भाषणे होतात. 18 जून 1946 रोजी नेमका कोणता कायदा मोडला गेला, हे मात्र त्या भाषणांत क्वचितच ऐकू येते. पोर्तुगीज राजवटीत परवानगीशिवाय सभा घ्यायला बंदी होती. डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस भर पावसात मडगावात गेले ते सभा घ्यायलाच. मागणी होती नागरी स्वातंत्र्याची, आणि मोडला तो ते स्वातंत्र्य नाकारणारा कायदा. दोहोंत बोटभरही अंतर नव्हते, म्हणून जमलेल्या लोकांना काही वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

आज गोव्यात हे अंतर फार वाढले आहे आणि पुष्कळ आंदोलने तिथेच फसतात, असे माझे मत आहे. राग असतो डोंगरकापणीचा, झोन बदलाचा, आणि अडवला जातो महामार्ग. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, निघालेला रुग्ण त्या रांगेत अडकतो. कदंब बसमधल्या पन्नास माणसांना डोंगर कोणाचा आणि जमिनीचा वापर बदलण्याची सनद कोणी दिली, याचा पत्ताच नसतो. त्यांना दिसतो तो फक्त चुकलेला कामाचा तास. वाहतुकीच्या नियमाशी आपले भांडण नसताना तो मोडला, तर सरकारला उत्तर द्यावेच लागत नाही. ते काम वैतागलेले प्रवासीच करतात.

चांदरला असे झाले नाही. 1 नोव्हेंबर 2020 च्या रात्री रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाचे काम तिथल्या रेल्वे फाटकावर होणार होते आणि लोक बसले ते त्याच फाटकावर, त्याच रुळांवर. मेणबत्त्या होत्या, गाणी होती. जोखीम लहान नव्हती: रुळांवर बसून गाडी अडवली तर रेल्वे कायद्याच्या कलम 174 खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय त्या रात्रीला न्यायालयातल्या याचिकेची जोड होती. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंडळाची मान्यता रद्द केली. नुसत्या रुळांवर बसण्याने किंवा नुसत्या याचिकेने हे झाले असते, असे मला वाटत नाही.

कायदेभंग ही शेवटची पायरी आहे. आधीच्या पायऱ्या कागदावर दिसल्या पाहिजेत. माहिती अधिकाराचा अर्ज करा, 30 दिवसांत उत्तर घ्या. परवाना कोणी दिला, कोणत्या कलमाखाली, फाइलचा क्रमांक काय, हे त्यातून कळते. मग ग्रामसभेत ठराव मांडा. इथे नेहमी एक चूक होते: ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो आणि इतिवृत्तात वेगळेच काहीतरी लिहिले जाते. सचिवाकडून ठरावाचे शब्द सभेतच वाचून घ्यावेत, सूचक-अनुमोदकांची नावे घालायला लावावीत, मगच उठावे. निवेदनाच्या आपल्या प्रतीवर इनवर्ड नंबर आणि तारीख हवीच. मागणी एका वाक्यात मावली पाहिजे आणि ती मान्य करण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याच्याच टेबलावर गेली पाहिजे. 'प्रकल्प हटवा' असे मामलेदाराला सांगून तो काय करणार? शेवटी मुदत द्यावी आणि ती जाहीर करावी. गांधीजींनी 2 मार्च 1930 रोजी व्हाइसरॉयला पत्र लिहून मिठाचा कायदा मोडणार असल्याचे कळवले, आणि 12 तारखेला 78 साथीदारांसह साबरमतीहून निघाले.

ही 78 माणसे निवडलेली होती. 1924 मध्ये केरळातल्या वायकोमला देवळाभोवतीच्या रस्त्यांवर अस्पृश्य मानलेल्या जातींना असलेली बंदी मोडायला सुरुवातीला रोज फक्त तीन सत्याग्रही पाठवत. आपल्याकडे मात्र अटक कोण करून घेणार, हे पोलिसांची गाडी आल्यावर ठरते. ते आदल्या दिवशी ठरावे. आजारी, लहान मुलांच्या आया, सरकारी नोकरीतले, पासपोर्टचे काम अडकलेले, यांनी बाहेरची कामे घ्यावीत. अटक करून घेणाऱ्यांची यादी दोन प्रतींत असावी: नाव, वय, गाव, घरचा फोन, चालू औषधे. फोन काढून घेतले जातात, म्हणून वकिलाचा नंबर हातावर लिहितात. पण आपल्या हवेत बॉलपेनचे आकडे तासाभरात घामाने पुसतात. न पुसणाऱ्या मार्करने कोपराच्या वर, बाहीखाली लिहावा. 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणे पोलिसांना बंधनकारक आहे. सूर्यास्तानंतर महिलेला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी लागते.

झेंड्याच्या काठ्यांकडे कोणी लक्ष देत नाही. संविधानाने हक्क दिला आहे तो शांततेने आणि शस्त्राविना जमण्याचा. बांबूची काठी पंचनाम्यात हत्यार म्हणून नोंदली गेली, की साध्या गुन्ह्याची कलमे एकदम जड होतात. झेंडा हातात धरावा, नाहीतर पुठ्ठ्याच्या नळीला लावावा. दर पंचवीस माणसांमागे एक स्वयंसेवक नेमावा. त्याने घोषणा द्यायच्या नाहीत, फक्त आपल्या पंचवीस जणांवर नजर ठेवायची. वातावरण तापू लागले की, रेटारेटी सुरू होण्याआधीच, सगळ्यांना खाली बसवावे. बसलेल्या माणसाच्या हातून सहसा दगड सुटत नाही. पोलिसांशी बोलणारे दोघेच असावेत आणि त्यांची नावे ठाण्यात आधी कळवावीत.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते तारखांकडे. जमावबंदी मोडल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली येतो. तो जामीनपात्र आहे, शिक्षा साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड. ऐकायला किरकोळ वाटते. पण आंदोलन संपते, गाव आपापल्या कामाला लागतो, आणि पाच-सहा जण वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. प्रत्येक तारखेला एक दिवसाचा रोज बुडतो. एक तारीख चुकली तर वॉरंट निघते. पुढच्या आंदोलनाला तीच माणसे पुन्हा पुढे येत नाहीत, यात नवल ते काय? मंडप आणि लाऊडस्पीकरसाठी वर्गणी काढतानाच खटल्यांसाठी निम्मी रक्कम बाजूला ठेवावी, आणि दर तारखेला गावातले किमान दहा जण कोर्टात बसतील अशी पाळी लावावी.

थांबण्याचाही निर्णय घ्यावा लागतो. महाडला डिसेंबर 1927 च्या परिषदेत चवदार तळ्यावर जायला हजारो लोक तयार होते, पण दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम होता. डॉ. आंबेडकरांनी लोकांना थांबवले आणि लढा न्यायालयात नेला. 1937 मध्ये उच्च न्यायालयात तो जिंकला. त्याला कोणी माघार म्हणत नाही.

सत्याग्रहाने गोवा मुक्त झाला नाही, सैन्य यावे लागले, असे काहीजण म्हणतात. ते खरे आहे. 15 ऑगस्ट 1955 रोजी नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, वीसहून अधिक मारले गेले. सीमेवरच्या पत्रादेवीला सत्याग्रही कर्नैलसिंग बेनिपाल पडले. पण पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याला गोव्यातल्या मतांची गरज नव्हती. आजचे सरकार चाळीस मतदारसंघांवर उभे आहे आणि एकेक मतदारसंघ साधारण तीस हजार मतदारांचा. तीनशे घरे ठाम राहिली तर आमदाराला ते मोजता येते. सत्तरीतल्या मेळावली गावात हेच दिसले. तिथे आयआयटी उभारायची ठरली, तेव्हा जमिनीच्या प्रश्नावर बायका ठाम राहिल्या आणि जानेवारी 2021 मध्ये ती जागा सरकारला सोडावी लागली.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली जमावबंदीचा आदेश निघाला की 'जमावबंदी लागू' एवढीच बातमी येते. आदेशाचा क्रमांक, कोणते क्षेत्र, कोणत्या तारखेपर्यंत आणि कारण काय, हे कृपया शब्दशः छापावे. असा आदेश एरवी दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि तो प्रसिद्ध केला पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये सांगितले आहे. आदेश वाचायला मिळाला, तरच त्याला आव्हान द्यायचे, तो पाळायचा की उघडपणे मोडायचा, हे लोकांना ठरवता येईल.

— एक वाचक, फोंडा