भिंतीसाठी माती

कोल्हापूर

प्रिय मंदा,

सप्रेम नमस्कार. मातीच्या रंगांनी तू रंगवणार आहेस त्या भिंतीचं कच्चं चित्र मिळालं. केसांतून वेली फुटलेली, मांडीवर पृथ्वी घेतलेली बाई. मंदे, हे काढू नकोस. बाई म्हणजेच निसर्ग म्हटलं की दोघींनी देत राहायचं, हे गृहीतच धरलं जातं. १९७४ मध्ये फ्रेंच लेखिका फ्रान्स्वाज द'ओबोन यांनी 'इकोफेमिनिझम' (पर्यावरणवादी स्त्रीवाद) हा शब्द आणला, तो बाई आणि धरती दोघींवरची पुरुषी मालकी दाखवायला. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी १९९२ मध्ये आणखी नेमकं बोट ठेवलं: बाईचं निसर्गाशी नातं ठरतं ते रोजच्या कष्टांवरून. चंदगडात सरपणाची मोळी वाहणारीचं आणि राजारामपुरीत गॅस पेटवणारीचं जंगल एकच कसं असेल?

म्हणून चित्रात राबणारे हात काढ, काम काढ. चित्रकर्ती अ‍ॅग्नेस डेनेस यांनी १९८२ मध्ये न्यूयॉर्कात मॅनहॅटनच्या भरावावर, वॉल स्ट्रीटच्या जवळच, दोन एकर गहू पेरला. आधी दगड-कचरा वेचला, हातांनी २८५ सऱ्या ओढल्या, मग पाणी, खुरपणी, आणि ऑगस्टमध्ये हजार पौंडांवर गहू. त्यात धरतीची आरती कुठेच नाही, नुसती मशागत. आपल्याकडच्या चित्रकर्ती नवज्योत अल्ताफ यांनी तर बस्तरमध्ये स्थानिक कलाकारांबरोबर हातपंपाची जागाच घडवली, हंडा डोक्यावर घेणं सोपं जावं अशी. माझ्या मते आपल्याकडचं हे सगळ्यात मोलाचं काम.

आता रंग. डिंकात कालवलेली माती आपल्या पहिल्याच पावसात वाहून जाईल. चुना-दुधाचा रंग कर. पन्हाळ्याकडची जांभ्याची तांबडी माती कुटून मलमलीतून चाळ. पाण्यात ढवळ, अर्धा मिनिट थांब, रेती खाली बसली की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओत. रात्रभरात जो गाळ बसेल तो रंग. साय पूर्ण काढलेलं दूध लिंबानं फाडून चोथा निथळ. पाच वाट्या चोथ्याला एक वाटी भिजवलेला चुना, खायच्या चुन्याइतका घट्ट. घोटत राहिलं की थोड्या वेळात चिकासारखं पातळ होतं. त्यात पाणी आणि गाळ घाल. दुधात स्निग्धांश राहिला तर चुन्याशी त्याचा साबण होतो आणि रंग धरत नाही. हातमोजे घालच आणि डोळे सांभाळ, चुना डोळ्यात गेला तर इजा होते. त्याच दिवशी संपेल एवढंच कालव, दुसऱ्या दिवशी नासतं. भिंत ओली करून पातळ दोन हात दे, जाड थराचे पोपडे सुटतात.

पिवळ्यासाठी हळद मुळीच नको. चुन्यात ती लाल होते (कुंकू तसंच करतात ना!) आणि उन्हात उडतेही. पिवळी मातीच शोध. शिरोळची काळी माती लिंपायला एकटी घेऊ नकोस, वाळताना आकसून भेगा पडतात. रेती आणि भुसा मिसळ. काळ्या रंगाला काजळी बरी.

वीतभर तुकड्यावर आधी करून बघ. चार दिवसांनी ओलं बोट घास. रंग बोटाला लागला तर चोथा वाढव.

भिंतीला जुना ऑइलपेंट आहे का, ते कळव. असला तर खरवडल्याशिवाय यातलं काहीच धरणार नाही.

तुझी,
शैला