मिठाच्या गोणीबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की बाबा फोन आईच्या हातात देतात आणि आई "जेवलीस काय?" विचारते. म्हणून लिहायला बसले. आधीच सांगून टाकते, मिठागरावरची यंदाची गोण मी थांबवली आहे. दादाशी बोलून झालंय. वाण्याकडे दर महिन्याला दोन किलो आयोडीनवालं मीठ लावलंय, पैसे मी इथून पाठवते. बाबा, रागवा, पण पत्र पूर्ण वाचा.

आई, तुझं खडेमीठ घरातून जात नाहीये. आगळाला, लोणच्याला, खारवलेल्या कैऱ्यांना, घसा धरला की गुळण्यांना तेच राहील. मागल्या साली उरलेलं अर्धं पोतं माळ्यावर आहे, तेवढं पुरेल. कमी पडलं तर दादा पायलीभर आणून देईल. नव्या मिठाने लोणचं काळं पडतं हे मला पटत नाही, पण तुझ्या बरण्यांत मी हात घालणार नाही. खुद्द नियमातसुद्धा टिकवणीच्या मिठाला सूट आहे. बदल फक्त रोजच्या आमटीत, भाजीत, पेजेत.

हे सगळं वहिनीसाठी चाललंय, हे तुम्हाला कळलंच असेल. पहिले काही महिने पोटातल्या बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी कामाला लागलेली नसते, आईच्या हार्मोनवरच त्याच्या मेंदूची घडण चालते. ते हार्मोन बनायला आयोडीन लागतं. एरवी माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं, गरोदरपणी जागतिक आरोग्य संघटना २५० सांगते. बाबा म्हणतात, आम्ही मासे खाणारी माणसं, आम्हाला कसली कमतरता? समुद्राच्या मासळीत आयोडीन असतं हे खरंच. पण वहिनीला सध्या बांगड्याचा वासही सहन होत नाही. आणि जूनमध्ये होड्या वर ओढल्या की सगळ्यांचीच मासळी आटते.

"मीठ समुद्राचंच ना?" हा बाबांचा दुसरा प्रश्न. शिमग्याला आले होते तेव्हा मी मीठ तपासायचं औषध आणलं होतं. बशीत एका बाजूला दुकानातलं चिमूटभर मीठ, दुसऱ्या बाजूला बरणीतलं कुटून, दोन्हींवर एकेक थेंब. दुकानातलं बघता बघता जांभळं झालं. बरणीतलं होतं तसंच, मळकट पांढरं. आई, तू पाठमोरी तांदूळ निवडत होतीस आणि "कसले प्रयोग चाललेत ओट्यावर" म्हणालीस. समुद्राच्या पाण्यात मुळात आयोडीन थोडं, आणि पाणी आटून खडे धरताना तेवढंही मिठासोबत राहत नाही. म्हणून कारखान्यात पोटॅशियम आयोडेट वरून फवारतात. बाबा, हे "केमिकल" किती, तर गिऱ्हाइकाच्या हाती पडताना किलोला निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावं इतकंच. माणसाची आख्ख्या जन्माची गरज एका चमच्यात मावते.

आता बाबांचा खरा मुद्दा. तो मिठाचा नाहीच, सक्तीचा आहे, हे मला लहानपणापासून माहीत आहे. ज्या शिरोड्यात मे १९३० मध्ये आजोबांनी पंचाच्या सोग्यात मीठ बांधून लाठ्या खाल्ल्या, तिथलंच मीठ खायला म्हणून विकणं स्वतंत्र भारतात गुन्हा ठरावं! तुमच्या फायलीतली कात्रणं मी पुन्हा वाचली. १९९८ मध्ये साध्या मिठाच्या विक्रीवर बंदी आली. २००० मध्ये केंद्रानेच ती उठवली, लोकांना त्यांचं निवडू द्या म्हणून. २००६ मध्ये पुन्हा लागू केली. २०११ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भेसळ रोखायच्या कायद्याखाली असा नियम करताच येत नाही, कारण साधं मीठ म्हणजे काही भेसळ नव्हे. ते कात्रण तुम्ही लाल पेनने अधोरेखित केलंय. पण त्याच निकालात सरकारला सहा महिन्यांची सवड दिली होती, ती ओळ तुम्ही कोरी सोडलीत! पुढच्याच महिन्यात अन्न सुरक्षेच्या नव्या कायद्याखाली तोच निर्बंध परत आला.

या सगळ्यात छोट्या मिठागरवाल्यांचे हाल झाले, हे मी मान्य करते. फवारणीची यंत्रं आणि छापील पाकिटं चार वाफ्यांच्या मालकाने कुठून आणायची? त्यांना हात न देता नुसती बंदी घातली आणि बाजार मोठ्या कंपन्यांना मिळाला. याबाबतीत मी तुमच्याच बाजूची आहे. पण निर्बंध विकणाऱ्यावर आहे, खाणाऱ्यावर नाही. तुम्ही काय खायचं हे तुम्हीच ठरवता, आणि पंचाहत्तरीच्या माणसाने ते ठरवावंच. वहिनीच्या पोटातल्या जीवाला कोण विचारणार? एका घरात रोजची आमटी एकाच टोपात शिजते, तेव्हा निवड सगळ्यांची एकच होते.

ही दिल्लीत बसून काढलेली टूम नव्हे. १९५६ मध्ये डॉ. रामलिंगस्वामींनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात काही भागांत आयोडीनचं मीठ दिलं आणि एका भागात साधंच ठेवलं. आयोडीनच्या भागांत गलगंड, म्हणजे आयोडीन कमी पडून गळ्याला येणारी गाठ, उतरला. मग उरलेल्या भागालाही तेच मीठ दिलं आणि तिथेही उतरला. नंतर कळलं की हा आजार डोंगरापुरता नाही, महाराष्ट्रातल्याही काही जिल्ह्यांत तो आहे.

बाबा, सायकलच्या दांडीवर बसवून तुम्ही मला आगरावर न्यायचात, ते ढीग बघून मी "बर्फ, बर्फ" ओरडायचे, आणि तुम्ही एक खडा माझ्या जिभेवर ठेवायचात. तुमच्या त्या मिठाला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. मी ठेवतही नाहीये.

आता मुकाट्याने ऐकायच्या गोष्टी. आई, पाकीट कोपरा कापून गॅसशेजारी ठेवायचं नाही, आयोडीन उडतं. झाकणाच्या डब्यात भर, ओला चमचा घालू नकोस, आणि मीठ आमटी उतरवताना घाल. मीठ बदललं म्हणून वहिनीची थायरॉइडची गोळी बंद होत नाही, तिला कुणी तसं सांगू नका. ती गोळी सकाळी उपाशीपोटी, आणि लोहाची गोळी तिच्यानंतर चार तासांनी.

बाबा, नवं मीठ पौष्टिक आहे म्हणून पेजेवर जास्त भुरभुरायचं नाही. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, त्यात पापड-लोणचं आलं. आणि जाहिरात बघून ते "कमी सोडियम"वालं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, तुमच्या बीपीच्या गोळीनेही ते अंगात वाढतं, आणि मूत्रपिंडाला ते झेपेलच असं नाही. उपासाच्या सैंधवाबद्दल मी काही बोलत नाही. एकादशीला खा.

बीपी रोज सकाळी मोजून कॅलेंडरवर लिहा आणि रविवारी दादाला फोटो पाठवायला सांगा. आकडे मनाने गोल करू नका, मला कळतात.

तुमची,
बाय