रविवारच्या चर्चेची आठवण

सर्व सभासदांना नमस्कार. रविवारी संध्याकाळी ६ वाजता आपली बैठक आहे. विषय : अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातलं जेन्सव्हिल शहर. २३ डिसेंबर २००८ ला, ऐन नाताळच्या तोंडावर, तिथल्या जनरल मोटर्स या मोटार कंपनीच्या कारखान्यातून शेवटची एसयूव्ही गाडी बाहेर पडली आणि तिथलं मुख्य काम थांबलं. नंतर काही कामगार आठवडाभर इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनला राहून कंपनीच्या तिथल्या कारखान्यात काम करायचे आणि शुक्रवारी रात्री घरी परतायचे. पगार टिकला, पण मुलांना बाप भेटायचा तो सुट्टीपुरता. एका शाळेत तर शिक्षकांनी गरजू मुलांसाठी कपडे, साबण, खाण्याच्या वस्तू जमवून ठेवल्या होत्या. हे सगळं वाचताना मला गलबलून आलं. म्हणून आकडेवारी दहा मिनिटांत आटपू आणि उरलेला वेळ त्या घरांविषयीच बोलू. कृपया वेळेवर या.