हात वर धरला की

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर आईचा आवाज कापरा झाला, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. बाबा, तिला वाचून दाखवा.

डावा हात म्हणजे हृदय, ही भीती मलाही होती. म्हणून ईसीजी सगळ्यात आधी काढला. तो चांगला आहे. मला मुंग्या येतात त्या करंगळीत आणि शेजारच्या बोटात, वेणी घालताना नाहीतर दोरीवर कपडे वाळत घालताना. कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून हाताच्या नसा आणि रक्तवाहिन्या जातात. तिथे त्या दबल्या की त्याला थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम म्हणतात. माझं दुखणं तेच.

डॉक्टरांनी आधी मान डावीकडे वळवून श्वास रोखायला लावला आणि मनगटाची नाडी पाहिली. ती मंदावली, पण 'हे धडधाकट माणसातही होतं, एवढ्यावर काही ठरवायचं नाही,' असं तेच म्हणाले. मग दोन्ही हात वर, कोपरं वाकवून, तीन मिनिटं मुठी उघडायच्या-मिटायच्या. दीड मिनिटातच डावा हात शिशासारखा जड झाला आणि आपोआप खाली आला. उजवा मात्र छान चालला होता. तेव्हा मला खरंच रडू आलं. इतके महिने मी सांगत होते ते कुणीतरी डोळ्यांनी पाहिलं होतं.

एक्स-रेमध्ये मानेपाशी जास्तीची बरगडी नाही. मानेच्या एमआरआयमध्ये मणक्यांमधल्या चकतीचं काही नाही. डॉपलर सोनोग्राफी हात खाली आणि वर ठेवून केली, रक्तप्रवाह ठीक आहे. नसांची करंटची तपासणीही नॉर्मल आली. या आजारात ती बऱ्याचदा नॉर्मलच येते. नस कोपरात किंवा मनगटात दबलेली नाही, एवढं मात्र तिच्यामुळे कळलं. आता फिजिओथेरपी सुरू आहे. ऑपरेशनचं कुणी नावही काढलेलं नाही.

आई, तुझाही हात रात्री बधिर होतो आणि तू वात म्हणून सोडून देतेस. दाखवून घे ना. आणि कुणाचाही हात एकाएकी सुजून निळा पडला, किंवा पांढरा-गार झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

शनिवारी येते आहे. वेणी तूच घालून दे.

तुमची,
छोटी