अंगठ्याच्या नखाएवढं हिरवं

मामा, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, पाणी जपून घाला" म्हणता आणि फोन ठेवता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. वाचून आणखी कुणाचा पिवळा पडलेला एक्झोरा (झुबक्यांच्या फुलांचं झुडूप) वाचला, तर तोही तुमच्याच खात्यात.

तुमच्याआधी सोसायटीच्या वाफ्याला दोन जाणकारांचे पाय लागले होते. पहिल्याने तो लावला. दुसऱ्याने गेटापाशी उभ्या उभ्याच निकाल दिला: सगळा एक्झोरा मेलाय, उपटून टाका, ६० नवी रोपं बसवू, माती वेगळी, मजुरी वेगळी. तुम्ही आलात, चपला काढून कडेला उकिडवे बसलात आणि पहिल्याच काटकीची साल अंगठ्याच्या नखाने जराशी खरवडलीत. आत हिरवं होतं, तिळाएवढं. "जितं आहे," एवढंच म्हणालात आणि पुढच्या झाडाकडे सरकलात. अशी ६० झाडं पाहिलीत. ज्यांची साल खाली तपकिरी आणि कोरडी निघाली, तेवढ्यांनाच खडूने खूण केलीत. १९ भरली. बाकीची ४१ जिवंत.

नर्सरी चालवणाऱ्या माणसाने ६० रोपांचं गिऱ्हाईक समोर असताना ते नख लावलं. मामा, वाफा आता कितीही फुलला तरी आठवतं ते नखच. वजनकाट्यावर बोट न टेकवणारा वाणी, "अजून वर्षभर चालेल, नवीन घेऊ नका" म्हणणारा मिक्सर-दुरुस्तीवाला, आणि तुम्ही. ही माणसं जाहिरात करत नाहीत, त्यामुळे ती आधी सापडत नाहीत, हीच काय ती अडचण.

पहिल्या ठेकेदाराचं नाव घेत नाही. त्याच्या कामाबद्दल मात्र बोलायला हवं, कारण तसली कामं गल्लोगल्ली दिसतात. भिंतीलगत ४० फूट लांब आणि ५ फूट रुंद वाफा. वर चार इंच सुंदर लाल माती, खाली बांधकामाचं डबर. सिमेंट, प्लास्टर, विटांचे तुकडे, सगळं बिल्डरने सोडलेलं तसंच. त्यात उंच वाढणाऱ्या लाल एक्झोऱ्याच्या दोन रांगा, दोन रोपांत जेमतेम सव्वा फूट. मधल्या फटींत पिवळ्या पानांचा गोल्डन दुरांता, पुढे जमिनीवर पसरणारी वेडेलिया आणि खोडाला भिडेल इतकी हिरवळ. पहिले तीन महिने फोटो छान येतात. तेवढ्यात बिल निघतं.

तुम्ही स्वयंपाकघरातून व्हिनेगर मागवलंत, तेव्हा सगळे हसले होते. वरच्या लाल मातीवर चमचाभर टाकलंत, काही झालं नाही. सहा इंच खालची माती वाळवून तिच्यावर टाकलंत आणि ती सोड्यासारखी फसफसली. मोकळा चुना. एक्झोऱ्याला मातीचा सामू (पीएच, आकडा कमी तितकी माती आंबट) साधारण ५.५ ते ६.५ लागतो. चुन्याने तो साडेसातच्या वर गेला की लोह मातीत असूनही मुळांना विरघळून मिळत नाही. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या मातीत लोहाला काय तोटा? पण कुलूपबंद तिजोरीचा उपयोग नाही. कोकणातल्या जांभ्या मातीत हेच झाड कुणी लक्ष न देता लालभडक फुलतं, ते याच कारणाने: ती माती आंबट. केरळात याला चेत्ती म्हणतात आणि देवळात फुलं वाहतात. एक्झोरा हे नावसुद्धा पोर्तुगीज तोंडातून आलेलं 'ईश्वर'च मानतात. देवाच्या नावाचं झाड सिमेंटमध्ये उभं केल्यावर ते रुसणारच.

आणखी एक गोष्ट आम्हाला कुणीच सांगितली नव्हती. पिवळेपणा कुठे आहे ते आधी पाहायचं. कोवळी, टोकाची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी. खालची, जुनी पानं कडांकडून पिवळी होत असतील तर बहुधा मॅग्नेशियम. इथे वर्षभर व्हिडिओ बघून एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियमचं मीठ, ओतलं जात होतं, आणि पिवळी होती ती टोकाची पानं. शिवाय प्रेमापोटी चुलीची राख, अंड्याची टरफलं, ठेकेदाराने दिलेला हाडांचा चुरा. सगळा चुनाच, किंवा चुन्याचा भाऊ. गुलाबाला चालेल, इथे नाही. तुम्ही कुणाला दोष न देता "ते गुलाबाला घाला" म्हणालात, हेही लक्षात आहे.

लोक "एक्झोऱ्याशेजारी काय शोभेल" असं विचारतात, रंग बघतात आणि तिथेच फसतात. एक्झोऱ्याची बारीक मुळं अगदी वरच्या थरात असतात. शेजारी कोण बसवायचा हे त्याच्या फुलापेक्षा त्याच्या मुळांवर आणि तहानेवर ठरतं. गोल्डन दुरांता झपाट्याने वाढतो, वरच्याच थरातलं खत आणि पाणी ओढतो आणि पिवळा राहावा म्हणून त्याला सारखी कात्री लागते. त्याच्यावर चाललेली कात्री मग एक्झोऱ्यावरही फिरते. एक्झोऱ्याची फुलं येतात नव्या फुटीच्या शेंड्याला. दर पंधरवड्याला चौकोनी खोका करत बसलं तर कळी दिसायची कशी? वेडेलिया प्रत्येक पेऱ्याला मूळ धरते. वर वर उपटली तर आठ दिवसांत परत हजर. जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे, आणि आपण ती चौरस फुटावर विकत घेतो. हिरवळीला हवं रोज पाणी, तेही बोअरचं, म्हणजे रोज थोडा चुना. वर गवत कापायच्या मशिनची दोरी खोडाची साल सोलते ते वेगळंच.

तुम्ही लावलेला क्रम इतरांसाठी इथे नोंदवून ठेवतो.

मे महिन्यात डबर काढायचं, सगळ्या वाफ्यातलं नाही जमलं तरी झाड बसणार तिथलं. दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा, आणि झाडांची ओळ भिंतीपासून अडीच फूट पुढे, कारण प्लास्टरचा चुना पावसाने झिरपत राहतो आणि दुपारी भिंत तापते. भरायला दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं पानखत, एक भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), खड्ड्याला १०० ग्रॅम निंबोळी पेंड. हाडांचा चुरा नाही. धुतलेलं एवढ्यासाठी की काही कोकोपीटमध्ये मीठ असतं. गंधक टाकून चुना मारू असं कुणी म्हणालं, तेव्हा तुम्ही मान हलवलीत: मोकळा चुना इतका असेल तर किलो-किलो गंधक त्यातच खपतं, माती बदललेली स्वस्त.

जूनमध्ये पाऊस स्थिरावल्यावर ४१ झाडं मातीच्या गोळ्यासह उचलायची, शेंडे एक तृतीयांश उतरवायचे. त्यातली १३ चांगल्या मुळांची निवडून तीन-तीन फुटांवर एकाच ओळीत, उरलेली २८ मोठ्या पिशव्यांत. बुंधा जमिनीच्या पातळीला. आधीची झाडं तीन इंच जास्त खोल गाडली होती, बुंध्याची साल ओलीने मऊ पडली होती. वर दोन-तीन इंच वाळक्या पानांचं आच्छादन, खोडापासून तीन इंच सोडून. आणि बुंध्याभोवती खुरपं लावायचं नाही. गवत हाताने उपटायचं, नाहीतर तीच बारीक मुळं तुटतात.

मग औषध. नवी फूट आल्यावर लिटरला ५ ग्रॅम हिराकस (लोहाचं मीठ, फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, ताजं कालवून उन्हं उतरल्यावर पानांवर, १५ दिवसांनी पुन्हा. कालवून ठेवलेलं पाणी तांबडं झालं की वाया गेलं. फरशीवर उडालं तर डाग जात नाही. आमच्या पायऱ्यांवर पुरावा आहे. हिराकस चुनखडीच्या मातीत टाकून उपयोग नाही, तिथे तेही कुलुपात जातं. मातीत द्यायचं तर चिलेटेड लोह, म्हणजे चुन्यात अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं, आणि पाकिटावर त्या रसायनाचं नाव ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्यायचं. दुकानदार ईडीटीए हातात देतो, ते स्वस्त असतं, फवारणीला चालतं, पण चुन्याच्या मातीत टिकत नाही. झाडाला ५ ग्रॅम, ५ लिटर पाण्यातून. जुनी पानं हिरवी होण्याची वाट बघायची नाही, नवी पानं कशी येतात ते बघायचं. बोअरच्या पाण्याला १५ लिटरच्या बादलीत सपाट चमचाभर सायट्रिक ॲसिड, सामूची पट्टी ६ ते ६.५ दाखवेल इतपतच. पावसाळ्यात तेही नको, गच्चीचं पाणी पिंपात धरलं की झालं.

सोबतीची झाडं तुम्ही श्रावणापर्यंत लावूच दिली नाहीत. वाफा दोन महिने बोडका दिसत होता, मीटिंगमध्ये कुरकुर झाली. तुमचं उत्तर होतं, घरात आजारी माणूस असताना पाहुणे बोलावत नाहीत. नवी पानं हिरवीगार आल्यावरच पाहुणे आले.

पुढच्या बाजूला क्युफिया, फुटाफुटावर, एक्झोऱ्याच्या खोडापासून किमान सव्वा फूट लांब. बारीक पान, बारीक जांभळं फूल, उंची गुडघ्याखाली, तहान एक्झोऱ्याएवढीच. मुख्य म्हणजे तो एक्झोऱ्याच्या मुळांवर सावली धरतो आणि स्वतः फार खात नाही. लाल झुबक्यांपुढे तो जांभळा धूसर पट्टा शोभतो हे खरं, पण तो शोभेसाठी आला नाही, हे आता कमिटीतले सगळे पाहुण्यांना ऐकवतात.

क्युफियाच्या फटींत रेन लिलीचे कांदे, दोन इंच खोल, चार-चार इंचांवर. वळवाचा पाऊस झाला की आठवड्याच्या आत पांढरी, गुलाबी फुलं. उरलेलं वर्ष गवतासारखी पात, कुणाला त्रास नाही. जिन्याच्या सावलीत क्युफिया फुलत नाही, तिथे ऑफिओपोगॉन, गवतासारख्या पात्यांचं सावलीतलं झाड, आठ इंचांवर.

चांदणीसारख्या फुलांच्या पेंटासचं मात्र तुम्ही जे सांगितलंत ते फार कमी जण सांगतात. पेंटास, एक्झोरा, अनंत, कॉफी ही एकाच कुळातली. म्हणून सगळे पेंटास आणि एक्झोरा खांद्याला खांदा लावून बसवतात. पण पेंटासला फार आंबट माती सोसत नाही, लोह जास्त झालं की खालच्या पानांवर तपकिरी ठिपके येतात. त्याला वाफ्याच्या टोकाला जागा दिलीत, जिथे लोहाचं पाणी पोचत नाही आणि ऊन पाच तास आहे. फुलपाखरांना तेवढं अंतर काहीच नाही. अनंत हवा म्हणून दोघींनी हट्ट धरला होता, त्यावर तुमचा नकार स्वच्छ होता: त्याचा आजार हाच, एका घरात दोन रोगी कशाला. आता अनंत कुंडीत आहे, सुखात आहे.

एवढं करूनही मिलीबग (पिठ्या ढेकूण) आला, एका झाडावर. आधीच्या दाटीत तो सगळ्यांवर गेला असता. आता तीन फुटांत हवा खेळते, त्याच्या गोड चिकट्यामागे येणारी मुंग्यांची रांग लगेच दिसते आणि रांग दिसली की शेंडा तपासायचा. लिटरला ५ मिली निंबोळी तेल, साबणाचे चार थेंब, संध्याकाळी. काम झालं.

पिशव्यांतल्या २८ पैकी २२ जगली, ती घरोघरी बाल्कन्यांत गेली. म्हणजे तुमचं गिऱ्हाईक आणखी बुडालं.

आता एकच राहिलं. जिन्याकडून तिसरं झाड अजून पिवळं शिरेदार पान काढतंय. व्हिनेगर टाकलं तर दीड फुटावर फसफसतं, आणि पहार टेकवली की खण्ण वाजतं. खाली काँक्रीट असावं. या पावसात झाड उचलून फोडून काढायचं, की लोहाच्या पाण्यावर आणखी एक मोसम ढकलायचा? पुढच्या फेरीत नजर टाका. तुमचं छोटं खुरपं इथेच राहिलंय, वॉचमनच्या खोलीत खिळ्याला टांगलंय. बुंध्याजवळ कुणी लावलेलं नाही.

तुमचे,
वाफ्याच्या शेजारचे सगळे