हाड सापडलं हे कळलं, पण कुठल्या थरात?

मा. संपादक, नमस्कार.

आपल्या पेपरात दर दोन-तीन वर्षांनी एक बातमी येतेच. कुणाला तरी शेतात नाहीतर नदीकाठी मोठं हाड सापडतं, गाव गोळा होतं, हाड खांद्यावर घेतलेला फोटो छापून येतो आणि वर हेडिंग, डायनासोर! मी वरोऱ्याचा, आमच्याकडे डायनासोरची हाडं खरोखर मिळालेली, त्यामुळे डायनासोर म्हटलं की माझे कान आधीच टवकारतात. पण बातमी संपली की हाती काहीच लागत नाही. हाड कुठलं, पायाचं की पाठीचं? वर मातीत पडलं होतं की खडकात रुतलेलं? ओळखलं कुणी आणि कशावरून? पुढे त्या हाडाचं झालं काय, हे तर कधीच कळत नाही.

नदीकाठच्या गाळात, रेती-गोट्यात जे हाड मिळतं ते बहुतेक वेळा हत्तीचं नाहीतर रानबैलाचं असतं, फार तर काही हजार किंवा लाख वर्षं जुनं. डायनासोर संपले साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, त्यांची हाडं आपल्याकडे मिळतात ती काळ्या दगडाच्या म्हणजे लाव्हाच्या थराखालच्या किंवा दोन थरांच्या मधल्या गाळाच्या खडकात. धगधगत्या लाव्हात कुठलं हाड टिकणार हो. म्हणजे नुसता थर कळला तरी अर्धी ओळख पटते, आणि नेमकं तेच बातमीत नसतं. बरं, हत्तीचं निघालं म्हणून ते कमी महत्त्वाचं असंही नाही, पण लोकांचा उत्साह मात्र लगेच उतरतो.

दुसऱ्याला नावं ठेवण्याआधी माझंच सांगतो. १९८९ साली आम्ही चार मित्र सायकलींवर वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला गेलो होतो, तिथे डायनासोरचं दगड झालेलं शेण मिळतं असं ऐकलेलं. मिळालंही, खिसे भरून आणलं. पुढे बऱ्याच वर्षांनी भूगर्भशास्त्राच्या एका प्राध्यापकांना मोठ्या कौतुकाने दाखवायला गेलो तर त्यांचा पहिलाच प्रश्न, कुठून आणलं? म्हटलं पिसदुरा. ते म्हणे पिसदुऱ्यात नेमकं कुठून, कुठल्या थरातून, जवळ हाडं होती का? मी गप्प. त्यांनी ते शांतपणे परत माझ्या हातात दिलं आणि चहा मागवला.

आता हे दगडी शेण म्हणजे काही चेष्टेचा विषय नाही. २००५ साली लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या (तिथे जुन्या वनस्पतींच्या जीवाश्मांचा अभ्यास चालतो) वंदना प्रसाद आणि त्यांच्या सोबत्यांनी पिसदुऱ्याच्याच शेणात गवताच्या पेशींमधले वाळूसारखे बारीक कण शोधले, निदान पाच प्रकारच्या गवतांचे. तोपर्यंत डायनासोरच्या काळात गवत होतं याचा धड पुरावाच नव्हता, चित्रात डायनासोरच्या पायाशी कुणी गवत काढलं तर ती चूक धरायचे. पुढे त्यातच भाताच्या कुळातल्या गवताचेही कण ओळखले गेले. आमच्या जिल्ह्यात सिंदेवाहीला धानाचं संशोधन केंद्र आहे आणि इकडे पिसदुऱ्याला धानाचे नातेवाईक डायनासोरच्या पोटातून निघाले, आता बोला!

डायनासोरच्या नावाचंही तसंच, खूण नेमकी नसेल तर नाव टिकत नाही. जबलपूरला १८२८ मध्ये स्लीमनला (तोच तो, ठगांचा बंदोबस्त करणारा) हाडं सापडली, १८७७ ला लायडेकर या इंग्रज जीवाश्मतज्ज्ञाने त्यातल्या शेपटीच्या मणक्यांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस असं नाव दिलं. मग १८७९ ला आमच्या पिसदुऱ्याच्या मणक्यांवरून टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी. खूण काय तर मणका पुढून खोलगट आणि मागून गोळ्यासारखा फुगीर. तेव्हा ही खूण वेगळी वाटली. पण पुढे अर्जेंटिना, मादागास्कर, युरोप जिकडेतिकडे तसेच मणके निघायला लागले. गावात एकच टोपीवाला असेल तर टोपीवाला म्हटलं की माणूस कळतो, सगळ्यांनीच टोप्या घातल्या तर कोणाला हाक मारणार? २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च या दोन डायनासोर-अभ्यासकांनी सगळी हाडं नव्याने तपासून ही दोन्ही नावं बाद केली. आणि वरोऱ्याकडच्याच डोंगरगावच्या टेकडीवर जो सांगाडा मिळाला होता, डोकं नाही पण मान, पाठ, कंबर आणि पुढचा पाय आहे असा, ज्याला १९९७ मध्ये जैन आणि बंदोपाध्याय यांनी टायटॅनोसॉरस कोलबर्टी म्हटलं होतं, तो मात्र इतका वेगळा निघाला की त्याला स्वतंत्र नाव मिळालं, आयसिसॉरस. त्यातलं आयसी म्हणजे आय एस आय, कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, जिच्या लोकांनी तो अभ्यासला. संख्याशास्त्रवाल्यांना डायनासोर कुठून सुचले असं वाटेल, तर संस्थेचे संस्थापक महालनोबिस यांनी लंडनहून जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सन यांना बोलावून तिथे जीवाश्मांचं काम सुरू करून घेतलं होतं.

एक किस्सा तर मला फारच आवडतो. नागपूरचे धनंजय मोहबे, जिऑलॉजिकल सर्व्हे म्हणजे सरकारी भूगर्भ खात्यातले, यांना ऐंशीच्या दशकात गुजरातमध्ये ढोली डुंगरीला डायनासोरची अंडी आणि बाजूला छोटी हाडं मिळाली. सगळी हाडं पिल्लाचीच असं तेव्हा धरलं गेलं. २००१ मध्ये वर सांगितलेल्या विल्सन यांनी ते बघितलं तर काही मणके एकमेकांत खुंटी-खाच बसवल्यासारखे अडकलेले, आणि असे जोड सापाच्या मणक्यांना असतात! म्हणजे साडेतीन मीटरचा साप घरट्यात फुटलेल्या अंड्याला वेटोळं घालून बसलेला आणि शेजारी अर्धा मीटरचं पिल्लू, अचानक गाळ येऊन सगळं तसंच्या तसं गाडलं गेलेलं. २०१० मध्ये त्याचं सनाजेह इंडिकस असं नामकरण झालं. आता विचार करा, मोहबेंच्या जागी माझ्यासारखा कुणी असता आणि त्याने अंडी-हाडं वेगवेगळी उचलून पिशवीत टाकली असती तर साप आणि पिल्लू शेजारी होते हे कोणाच्या बापाला कळलं असतं? ते सगळं एकाच दगडात तसंच उचलून जपून ठेवलं म्हणून इतक्या वर्षांनी चूक दुरुस्त करता आली.

म्हणून संपादक साहेब, एवढंच म्हणणं आहे की हाडाची बातमी छापताना वार्ताहराला चार प्रश्न जास्त विचारायला सांगा. खडक होता की माती, एकटं हाड की बाजूला आणखी, ओळखणारा कोण आणि कुठल्या खुणेवरून. हाड उपटून हातात घेतलेला फोटो शक्यतो छापू नका, जागेवर असलेलं हाड आणि शेजारी कुदळ किंवा चप्पल ठेवलेला फोटो छापा, म्हणजे मापही कळेल. शेताचा नेमका पत्ता मात्र देऊ नका, दुसऱ्या दिवशी आमच्यासारखे खिसेवाले पोचतात. आणि बातमीखाली एक ओळ टाका की असं काही दिसलं तर हलवू नका, तहसीलदारांना किंवा नागपूरला सेमिनरी हिल्सच्या जिऑलॉजिकल सर्व्हेच्या ऑफिसला कळवा. लोक ऐकतात हो, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

माझे ते दगड अजून घरात बिस्किटाच्या डब्यात आहेत. परवा डब्यावर चिठ्ठी चिकटवली, पिसदुरा, १९८९, जागा आठवत नाही.

आपला,
एक वाचक, वरोरा