बर्फी, गुळ्या आणि बाबांचं घोंगडं

ती. आई-बाबांना सा. न.,

काल फोनवर बाबा मागून बोलले ते मला ऐकू आलं. "तिला सांग, तिचा ससा तूच बघायचास. मी हात लावणार नाही." आईनं लगेच विषय बदलला. रंकाळ्यावर सकाळी किती धुकं असतं, न्हाणीतला बंब पहाटे पाचलाच कसा पेटवावा लागतो, असलं काहीबाही सांगत राहिली. फोन ठेवल्यावर ठरवलं की हे लिहूनच सांगायचं. फोनवर बाबा "बरं, बरं" म्हणून उठून जातात.

बाबा, तुम्ही बर्फीमुळे, आपल्या त्या पहिल्या सशामुळे, असं म्हणालात ना?

मी चौथीत होते तेव्हा. डिसेंबरात कडाका पडला आणि तुम्ही रोज रात्री उठून तिचा खोका झाकायचा. आधी दोन पोती, मग त्यावर पावसाळ्यातला प्लॅस्टिकचा कागद, चारी बाजूंनी खोचून. वारा आत जाऊ नये म्हणून फटीत चिंध्यासुद्धा कोंबल्या होत्या. ती शिंकायला लागली होती, पुढचे पाय ओले चिकट असायचे, आणि ती तोंड धुतेय म्हणून आम्ही हसायचो. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. तुम्ही परसात खड्डा काढला आणि कुणाशी न बोलता दुकानाला गेलात. "आणखी एक पोतं टाकायला पाहिजे होतं," एवढंच त्या रात्री आईला म्हणालात. मी जागी होते.

बाबा, पोतं कमी पडलं नव्हतं. हेच सांगायला हे पत्र.

मला हे कळलं गेल्या वर्षी. पुण्यात माझ्या या सशाला, आता तुमच्याकडे असलेल्या गुळ्याला, शिंका सुरू झाल्या. मी बाल्कनी पडदे लावून पूर्ण बंद केली होती, पिंजऱ्यात जुनी रजई कोंबली होती. डॉक्टर बाईंनी त्याला तपासायच्या आधी त्याची रजई मागवली, नाकाशी धरली आणि माझ्या हातात दिली. लघवीचा वास डोळ्यांत झोंबला. त्या म्हणाल्या, ससा नाकानंच श्वास घेतो, आणि तो जमिनीलगत बसतो, जिथं हा वास साठतो. त्यानं नाक आणि छाती सोलवटते, मग जंतूंना वाट मोकळी. थंडी तो सोसतो. ओल, कोंडलेली हवा आणि अंगावर येणारा वारा मात्र त्याला सोसत नाही. मी तिथंच बर्फीचा तो कागद आठवला. आतल्या बाजूनं पाण्याचे थेंब लोंबायचे त्याला. तिचं नेमकं काय झालं हे आता कुणी सांगू शकणार नाही, पण तुम्ही निष्काळजी होतात असं मनात धरून बसू नका. मीही अगदी तेच केलं होतं, आणि माझ्याजवळ तर सांगणारं कुणीतरी होतं.

सशाच्या अंगाची उष्णता आपल्यापेक्षा जास्त असते, साधारण साडेअडतीस ते चाळीस अंश. वर दाट लोकर. पंधरा-वीस अंशांत तो मजेत असतो. कोल्हापुरात रात्री बारा-तेरापर्यंत पारा उतरला तरी कोरडा आणि वाऱ्याआड असेल तर त्याला काही होत नाही. त्याला खरी भीती उन्हाळ्याची. अठ्ठावीस-तिशीच्या वर तो गळाठतो, पण ते मार्चात बघू.

त्याला सोप्यात दाराजवळ ठेवू नका, तिथं फटीतून वारा येतो. न्हाणीच्या भिंतीलाही नको, ती भिंत कायम ओली, आणि बंबाचा धूर त्याच्या नाकाला वाईट. मधल्या खोलीत, भिंतीपासून हातभर लांब, पाटावर ठेवा. फरशीचा गारवा खालून चढतो. पिंजऱ्यात लाकडी खोका आडवा टाका, तोंड मोकळं ठेवून, तो पाय पसरून पडू शकेल एवढाच. खोका मोठा असला की त्याच्या अंगाची ऊब आत टिकत नाही. त्यात भाताचा पेंढा वीतभर भरा. पेंढ्याच्या काड्यांत हवा अडकते, तीच ऊब धरते. भरण्याआधी उन्हात झटका, बुरशीचा वास आला तर सरळ टाकून द्या. ओला कोपरा रोज काढायचा. हे रोजचं काम आईच्या कंबरेला जमणार नाही, बाबा. ते तुमचं.

तुमचं पट्टणकोडोलीचं घोंगडं रात्री पिंजऱ्यावर टाका, तीन बाजूंनी. समोरची बाजू उघडीच राहू दे, कितीही थंडी वाटली तरी. आणि घोंगडं आत मात्र द्यायचं नाही. तो लोकर कुरतडून गिळतो, आणि सशाला उलटी करता येत नाही. गिळलेलं आतच अडकतं. फारच गारठा असेल तर गरम पाण्याची बाटली जाड कापडात गुंडाळून खोक्याच्या बाहेरून एका बाजूला टेकवा. एकाच बाजूला, म्हणजे नको वाटलं तर त्याला सरकता येईल. हीटरची वायर त्याच्या तोंडाशी येऊ देऊ नका, लगेच कातरतो.

आई, आता तुझ्यासाठी. थंडी आहे म्हणून डिंकाचा लाडू, गूळ, भाकरी यातलं काहीही नाही. त्याची शेगडी त्याच्या पोटात आहे. वाळलेलं गवत आतड्यात आंबतं आणि त्यातून अंगाला ऊब मिळते, म्हणून रात्री झोपताना गवताची मूठ जास्तच टाक. सकाळी मेथी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला थोडा, पण धुतलास की पुसून दे. गाजर गोड, त्याची एखादी चकती पुरे. पाणी थंडगार असलं की तो कमी पितो, म्हणून सकाळ-संध्याकाळ जरा कोमट पाणी जड वाटीत भर. आंघोळ कधीच घालायची नाही, तो चाटून स्वच्छ राहतो. पहाटे तो स्वतःचीच मऊ लेंडी खाताना दिसला तर ओरडू नकोस, त्याला ती लागते.

रोज लेंड्या बघा. त्या बारीक झाल्या, किंवा दहा-बारा तास त्यानं काही खाल्लं नाही, तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. कानांची टोकं गार असणं चालतं, कानांतूनच तो उष्णता राखतो आणि सोडतो. पण कान मुळापासून गार, आणि तो निपचित पडलेला दिसला, तर टॉवेलात घेऊन छातीशी धरा, हळूहळू ऊब द्या आणि डॉक्टरांना फोन करा. एकदम विस्तवाजवळ नेऊ नका.

सकाळी परसात कोवळं ऊन येतं तेव्हा त्याला तासभर सोडा, सावलीचा कोपरा राहील असं बघून. कुणीतरी शेजारी बसा, मांजरं फिरतात. बाबा पेपर वाचतातच तिथं.

अंबाबाईच्या किरणोत्सवाला, ३१ जानेवारीला, मी येतेय. तोवर बाबा, रात्री बातम्या झाल्या की एकदा पेंढ्यात हात घालून बघा. कोरडं लागलं की झोपा. मधे उठून आणखी काही झाकायचं नाही. शनिवारी आठ वाजता फोन करते. तुम्ही घ्या. गुळ्यानं काय खाल्लं ते मला तुमच्याकडून ऐकायचंय.

तुमची,
मनू